हात मागे

४ मार्च

प्रिय आत्या,

"वहिनी, हात मागे घ्या. बांधेल ती."

हे तुझं वाक्य. मी शाळेच्या दारात बसून बुटाची नाडी बांधत होते. घंटा होऊन गेली होती. आई वाकून नाडी हातात घेणार, तेवढ्यात तू तिला अडवलंस. आई चिडली. "अगं, उशीर होतोय तिला!" तू म्हणालीस, "होऊ दे की. उशीर आजचा, नाडी जन्माची." त्या दिवशी बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं, आणि मी सबंध तास आपल्याच बुटांकडे बघत खुशीत उभी होते.

आज हे आठवायचं कारण म्हणजे तुझं ते वाक्य माझ्या चांगलंच अंगाशी आलं आहे. आमचं वार्षिक मूल्यमापन झालं. माझा कागद मी जिन्यात उभी राहून वाचला, आणि मग वर बघून नाव माझंच आहे ना याची खात्री केली. "रुग्णांप्रती उदासीन. रुग्ण अडचणीत असताना मदतीस तत्पर नाही. नातेवाइकांची तक्रार." उदासीन! मी! जिला रुग्णांची बटणं स्वप्नात दिसतात!

माझी खोली तुला पत्रांतून पाठ आहे. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, एक भिंत सबंध काचेची. सगळे तिला 'हातांची खोली' म्हणतात. पक्षाघाताचा झटका आलेली, हाड मोडलेली माणसं माझ्याकडे येतात आणि पुन्हा बटण लावायला, चमचा धरायला, किल्ली फिरवायला शिकतात. मी शेजारी उभी राहते, बोलत राहते, आणि दोन्ही हात पाठीमागे धरते. पुढे ठेवले तर ते माझं न ऐकता मदतीला धावतात.

नवे विभागप्रमुख या हिवाळ्यात आले. माणूस वाईट नाही, बोलणं मऊ आहे. आधी ते शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा विभाग सांभाळायचे. तिथे रुग्णाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत, आणि तिथे ते बरोबरच आहे. इथे ते दुपारी काचेसमोरून जातात आणि थांबून आत बघतात. काचेतून दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. म्हणजे त्यांना काय दिसत असेल बघ: एक म्हातारा घामाघूम होऊन शर्टाशी झगडतो आहे, आणि एक बाई हात मागे बांधून मख्ख उभी आहे. आम्ही आपसात त्यांना काचसाहेब म्हणतो. आता मला त्या नावाचं हसू येत नाही.

उत्तर द्यायला महिनाभराची मुदत आहे. ते पटलं नाही तर मला नोंदणीच्या खिडकीवर बसवतील आणि माझ्या खोलीत दुसरी कुणी येईल, मदतीस तत्पर अशी. आत्या, ती खोली गेली तर मी काय उरेन मला कळत नाही. माफी मागून मोकळी होऊ की भांडू? दोन्ही मला जमत नाही. तू फोन कानाला लावत नाहीस, म्हणून लगेच लिही.

तुझी
मुंगी

१२ मार्च

मुंगे,

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नवं यंत्र घेतलंय आणि त्यांचे हात शिवशिवतायत. मी बोलते, त्या बडवतात. हे वाक्यसुद्धा त्यांनी बडवलं, आणि माझ्याकडे रागाने बघितलं.

आता ऐक. माझा जन्म गेला तलावाच्या काठावर, गळ्यात शिट्टी अडकवून. माझ्याविरुद्धही एका आईने लिहून दिलं होतं, की पोहण्याच्या बाई मुलांना गटांगळ्या खाऊ देतात. मुख्याध्यापकांनी बोलावलं. मी म्हटलं, "हो, खाऊ देते. बुडू देत नाही. दोन्हींत फरक काय तो काठावरून कळायचा नाही. उद्या सकाळी टॉवेल घेऊन या." आले बिचारे. पाणी गार होतं. पुन्हा विषय काढला नाही.

तुझ्या साहेबांना पाण्यात उतरवायचं आहे, एवढंच. भांडू नकोस. माफी तर मुळीच मागू नकोस; न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली की तो केलेला ठरतो. 'उदासीन' हा शब्द म्हणजे हवेत सोडलेला फुगा. त्याच्याशी काय कुस्ती खेळणार? तू शांतपणे विचार: कोणता दिवस, कोणता रुग्ण, काय झालं? उत्तर जमिनीवर आलं की तुलाही पाय टेकता येतील.

आणि पहिलं उत्तर लिहून फाडून टाक. पहिलं उत्तर आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून असतं, समोरच्यासाठी नसतं.

आणखी एक, रागावू नकोस. त्या कागदात एखादी गोष्ट खरी असेल. सगळंच खोटं असतं तर तू हसून मला किस्सा म्हणून कळवलं असतंस. तुला लागलंय. कुठे लागलंय ते चाचपून बघ.

मी मजेत. जरा आळशी झालेय. हल्ली सगळं हातात मिळतं.

आत्या

२१ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र उघडलं आणि आधी खट्टू झाले. तुझं ते पळत सुटलेलं अक्षर नाही, शिट्टीच्या आकाराची, उडी मारणारी वेलांटी नाही. शाळेची नोटीस आल्यासारखं वाटलं. मला वाटलं, तुला कंटाळा आला माझ्या रडगाण्याचा. खरं असेल तर तसं सांग, पण स्वतःच्या हाताने लिहून सांग.

तरी तुझं ऐकलं. पहिलं उत्तर लिहिलं. त्यात मी साहेबांच्या मिशांपर्यंत गेले होते. फाडलं. मग अर्ध्या पानाचं लिहिलं: 'उदासीन' हा शब्द कोणत्या प्रसंगावरून आला ते कृपया सांगावं, म्हणजे मला नेमकं उत्तर देता येईल. ते घेऊन त्यांच्या खोलीत गेले. सवयीने हात मागे धरूनच उभी राहिले. साहेब बघून म्हणाले, "इथेसुद्धा?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते चहाच्या कपात लपवलं.

म्हणाले, तक्रार ड्रायव्हरकाकांच्या मुलीची आहे. ड्रायव्हरकाका म्हणजे मी तुला लिहिलं होतं ते, जन्मभर बस चालवलेले. झटक्याने उजवा हात गेला. पहिल्या दिवशी माझ्यापुढे हात टाकून म्हणाले होते, "बाई, इंजिन चालू आहे, गिअर पडत नाही." आता शर्ट घालतात. माझा सगळ्यात लाडका रुग्ण! त्यांच्याच घरून तक्रार! मी विचारलं, "मुलीने लिहिलंय तरी काय?" साहेबांनाही नीट माहीत नव्हतं. तक्रार-विभागातून त्यांच्याकडे एक ओळ आली होती, 'वडिलांच्या उपचाराबद्दल नाराजी', आणि काचेतून जे दिसलं होतं त्याच्याशी ती ओळ जुळली. मी म्हटलं, "मग आपण तिलाच विचारू या का? माझ्यासमोर. मी मध्ये बोलणार नाही." त्यांनी जरा विचार केला आणि हो म्हणाले. महिना बदलला की पहिल्या सोमवारी बोलावलंय.

आणि तू म्हणालीस ते चाचपून बघितलं. सापडलं. ती मुलगी रोज वडिलांना सोडायला यायची, काचेबाहेर उभी राहायची, आणि मी तिच्याशी कधी बोलले नाही. एकदाही सांगितलं नाही की मी अशी का उभी राहते. मला वाटायचं, दिसतंच आहे की. साहेबांनाही तसंच, दिसतंच आहे की असं वाटलं असणार.

सोमवारची भीती वाटते. ती मुलगी रडली आणि म्हणाली, या बाई दगड आहेत, तर?

मुंगी

२८ मार्च

मुंगे,

कंटाळा तुझा? वेडी आहेस. अक्षराचं मनावर घेऊ नकोस, म्हातारीला चैन करू दे.

सोमवारी तू बोलू नकोस, ऐक. पोहायला येणारं प्रत्येक पोर काठावर उभं राहून "मला थंडी वाजते" म्हणायचं. थंडी नसायची, भीती असायची. मी थंडीबद्दल कधी वाद घातला नाही. ती मुलगी नाराज आहे असं म्हणते, त्याच्या खाली दुसरं काही असेल. तिला बोलू दे, येईल वर.

आणि दगड म्हणाली तर म्हणू दे. दगडाला धरूनच पोरं काठावर चढतात.

आत्या

ता. क. ही ओळ आत्यांनी सांगितलेली नाही, मी माझ्या मनाने घालते आहे. त्या चष्मा शोधतायत तोवर पाकीट बंद करते. तलावाच्या ओल्या फरशीवर घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं आहे, प्लास्टर आहे. घाईघाईने चालल्या होत्या. एक मुलगा फरशीवर धावत होता, त्याला रागवायला. तुमच्या डोक्याला आधीच ताप आहे म्हणून कळवू देत नाहीत. पण काळजी नसावी. मी त्यांना चमचासुद्धा उचलू देत नाही. भरवते, केस विंचरते, बटणं लावून देते. बाळासारखं जपते आहे. — खालची

९ एप्रिल

आत्या,

प्रिय लिहिलेलं नाही, याची नोंद घे. ते खाली येईल, तू लायक ठरलीस तर.

खालच्या बाईंची ओळ मी बैठकीच्या दोन दिवस आधी वाचली. वाचून काय केलं सांगू? कपाटावरची बॅग खाली काढली. कपडे कोंबले. तुझी बटणं मी लावीन, तुला मी भरवीन, तुझ्या त्या हाताला मी जमिनीला टेकू देणार नाही. मीच! जिचा धंदा पाठीमागे हात बांधायचा आहे, ती मी. बॅगेची चेन ओढता ओढता थांबले. ड्रायव्हरकाकांची मुलगी आठवली. काचेला नाक लावून उभी असायची, पर्स छातीशी धरून. मला एकदम कळलं की तिचे हात किती दुखत असतील.

बॅग परत वर ठेवली. मग सोमवारी गेले. आत्या, मला भीती वाटत नव्हती.

साहेबांच्या खोलीत मुलगी बसली होती, बँकेतून अर्धी सुटी घेऊन आलेली. आणि शेजारी ड्रायव्हरकाका! त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "माझ्याबद्दल बैठक आणि मी घरी? हे कुठलं टायमिंग?" म्हणाले. शर्ट स्वतः घातला होता. एक बटण एक घर चुकलं होतं, त्यामुळे कॉलर एका बाजूने कानाला लागली होती. साहेबांना ते बघवेना. बोलता बोलता त्यांचा हात पुढे गेला कॉलर नीट करायला, आणि काकांनी डावा हात ट्रॅफिक थांबवावा तसा वर केला. "साहेब, गाडी मी चालवतोय."

साहेबांनी हात मागे घेतला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, नाहीतर हसूच फुटलं असतं.

साहेबांनी मुलीला मऊपणे विचारलं, "बाई मदत करत नाहीत, अशी आपली तक्रार आहे ना?"

ती म्हणाली, "कुठल्या बाई?"

"या."

"यांची कुठे तक्रार केली मी? माझी तक्रार बाबांची आहे!" आणि मग जी सुटली! "इथे आल्यापासून मला हात लावू देत नाहीत. आधी मी शर्ट घालायची, दाढी करून द्यायची, घास भरवायची. आता जवळ गेलं की ओरडतात, 'हात मागे!' सकाळी एका शर्टाला इतका वेळ, की मला रोज बँकेत लेट मार्क. कप फोडले. सूप सांडतात आणि स्वतःच पुसायला बसतात. मी एवढंच लिहिलं होतं की उपचार जरा सबुरीने करा, मला घरी जमत नाही."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे ते घरी शर्ट स्वतः घालतात?"

"मग तेच तर सांगतेय!"

"आणि सूप?"

"सांडतात म्हटलं ना!"

"सूप पितात. स्वतः," काका म्हणाले. "वाक्य पूर्ण कर."

साहेबांनी माझा मूल्यमापनाचा कागद पुढे ओढला, 'उदासीन' शब्दावर पेन ठेवलं आणि तसेच बसले. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली, पण मुलगी रडत होती. आवाज न करता, रुमालात. "मग मी करायचं तरी काय?" ती म्हणाली. "आई गेल्यापासून मी यांचंच करत आलेय. आता मी नुसतं बघू?"

तू म्हणाली होतीस ना, खालचं वर येईल. ते हे होतं.

मी म्हटलं होतं मध्ये बोलणार नाही, पण बोलले. तिला म्हटलं, "चूक माझी आहे. मी तुम्हाला कधी आत बोलावलं नाही. माझ्या आत्याचं मनगट मोडलंय, आणि परवा मी बॅग भरून तिची बटणं लावायला निघाले होते. मला माहीत आहे हात कसे दुखतात ते. उद्यापासून माझ्याशेजारी उभ्या राहा. हात मागे ठेवायला मी शिकवते. बटण लावण्यापेक्षा ते अवघड आहे, काकांना विचारा."

"हिला जमायचं नाही," काका म्हणाले. "आईवर गेलीय." पण डोळे पुसत होते, उजव्या हाताने. त्या उजव्या हाताने, आत्या! मनगट वळवून!

साहेब म्हणाले, "मला काचेतून यातलं काही ऐकू आलं नव्हतं." मी म्हटलं, "दार उघडंच असतं, साहेब." हे बोलताना माझा आवाज जरा चढला. त्यांनी तो ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. दाराशी स्टूल ओढून बसले. काकांच्या हातून बटण निसटलं की साहेब अर्धे उठायचे, पुन्हा बसायचे. शेवटी त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले. त्यांच्या शेजारी मुलगी उभी, हात मागे, ओठ दाताखाली. तिघंही मनात तेच बटण लावत होतो. आणि काकांनी ते लावलं, योग्य घरात. मुलीने टाळी वाजवली तसे म्हणाले, "घंटी मार, पुढचा स्टॉप."

काल नवा कागद मिळाला. 'उदासीन' गेलं. 'तत्पर नाही' गेलं. आता लिहिलंय: "रुग्णांना स्वतःचं स्वतः करू देतात. नातेवाइकांशी संवाद वाढवावा." दुसरं वाक्य मी काढायला सांगितलं नाही. ते माझंच आहे. आणि खोली, आत्या, खोली माझीच आहे! साहेबांनी आत नातेवाइकांसाठी बाक टाकायला सांगितलाय. मी कागद घेऊन जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवरून उडी मारली, या वयात, सगळ्यांदेखत.

आता तुझ्याकडे वळते. डाव्या हाताला काय झालंय तुझ्या? चमचा तोही धरतो. प्लास्टरबाहेर जी बोटं दिसतात ती दिवसभर हलवायची, हात उशीवर उंच ठेवायचा. आणि खालच्या बाई, तुम्ही हे वाचत असणारच: तुमचे मी जन्मभर उपकार मानीन, पण कृपा करून हात मागे. बांधेल ती. महिनाअखेरीस प्लास्टर निघेल तेव्हा मी तिथे असेन. भरवायला येत नाहीये.

प्रिय आत्या. घे, लिहिलं.

तुझी
मुंगी

२२ मे

प्रिय मुंगे,

हे माझं अक्षर आहे. तसं दिसत नाही, पण आहे. मध्ये दोनदा चहा पिऊन आले, हात भरून येतो.

तू होतीस त्या आठवड्यात मी तुला जे जे बोलले ते परत घेत नाही. माझ्या घरात, माझ्यासमोर, माझ्याच भाचीने पाठीमागे हात बांधून मला कणीक मळायला लावावं! आणि वर म्हणावं, "उशीर आजचा, मनगट जन्माचं!" खालच्या बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या, एवढी तू निर्दय. तू गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "थोडंसं भरवू का?" मी म्हटलं, "हात मागे." सवय लागली गं.

काल तलावावर जाऊन आले. सावकाश, भिंतीच्या कडेने. पोरांनी शिट्टी आणून दिली. मी ती उजव्या हाताने गळ्यात घातली. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुला कळावं म्हणून लिहिते.

तुझी बातमी मी सगळ्यांना सांगते. खालच्या बाईंना आता ती तोंडपाठ आहे; कुठे अडखळले तर त्या सांगतात. त्यांना ते "गाडी मी चालवतोय" फार आवडतं. मला 'दार उघडंच असतं' आवडतं. तुझ्या आईने ते ऐकायला हवं होतं. ती म्हणाली असती, आत्यावर गेलीय, आणि कपाळाला हात लावला असता.

बंद गळ्याचा ब्लाउज घालते आता. सगळी बटणं लावते, खालून वर. शेवटचं गळ्याशी असतं ते दिसत नाही, नुसत्या बोटांनी शोधावं लागतं, तेही लावता येतं. म्हणजे गरज म्हणून नाही विचारत. पण आयुष्यभर मी कुणाचं बटण लावलं नाही, आणि कुणाला माझं लावू दिलं नाही. खालच्या बाई लावायच्या तेव्हा मी छताकडे बघत बसायचे, आणि त्यांची बोटं गळ्याला लागली की बरं वाटायचं. हे त्यांना सांगू नकोस.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मी गळ्याशी ते एक बटण मोकळं ठेवणार आहे. तू नाहीच म्हणशील, मागे हात बांधून, मीच शिकवलंय. तरी विचारते: एकदा लावून देशील?

आत्या